प्रत्यारोपणानंतरचा ताप ‘साधा’ समजू नका

शहापूर, प्रतिनिधी - मूत्रपिंड बदलले की रुग्ण बरा झाला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेनंतर जन्मभराची दक्षता सुरू होते. शरीराची प्रतिकारशक्ती नव्या अवयवाला परका मानून त्यावर हल्ला चढवते. तो रोखण्यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन यांसारखी औषधे रोज घ्यावी लागतात. ती अवयव वाचवतात. मात्र विषाणूंविरुद्धचा बचावही दुबळा करतात.

विषाणू नेहमी बाहेरूनच येतो असे नाही. सायटोमेगॅलो विषाणू बहुसंख्य भारतीय प्रौढांच्या शरीरात सुप्तावस्थेत असतो. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तो पुन्हा डोके वर काढू शकतो. दात्याच्या अवयवाबरोबर त्याचा वेगळा वाण आल्यास, पूर्वी संसर्ग होऊन गेलेल्या रुग्णालाही नव्याने लागण होते. ताप, जुलाब, पांढऱ्या पेशी घटणे ही त्याची लक्षणे. म्हणूनच धोक्यातील रुग्णांना तीन ते सहा महिने वॅलगॅनसायक्लोव्हिर दिले जाते.

बीके विषाणू अधिक फसवा आहे. तो मूत्रपिंडातच दडून असतो आणि बहुधा ताप न आणताच नव्या अवयवाची हानी करतो. नियमित रक्ततपासणीतच तो सापडतो. त्यावर खात्रीचे औषध नाही. प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांची मात्रा कमी करणे हाच मुख्य उपाय. पण मात्रा फार घटली तर शरीर अवयव नाकारते. हा तोल तज्ज्ञानेच सांभाळायचा असतो.

शहापूर-मुरबाडच्या रुग्णांची खरी अडचण येथेच आहे. प्रत्यारोपण केंद्रे मुंबईत. शहापूरकरांना आसनगावहून लोकल, तर मुरबाडकरांना आधी कल्याणपर्यंत रस्ता. पावसाळ्यात घरोघरी ताप असताना ‘दोन दिवस पाहू’ म्हणणे स्वाभाविक असले, तरी या रुग्णांसाठी ते घातक ठरू शकते. गावातील डॉक्टरांकडे जाताना प्रत्यारोपणाची माहिती व औषधांची यादी आवर्जून दाखवावी. क्लॅरिथ्रोमायसिनने टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी वाढते, रिफाम्पिसिनने घटते. काही वेदनाशामके थेट मूत्रपिंडाला इजा करतात.

लसींचा परिणामही या रुग्णांत कमी होतो, हे कोविडकाळात दिसले. गोवर-कांजिण्यांसारख्या जिवंत विषाणूंच्या लसी त्यांना सहसा देत नाहीत. त्यामुळे घरातील इतरांचे लसीकरण हीच त्यांची मोठी ढाल. ताप येताच केंद्राला दूरध्वनी करावा आणि स्वतःहून एकही गोळी बंद करू नये.