हिवाळ्यात जन्मलेले वासरू व पहिला चीक

म्हशी बहुधा पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत वितात. निफाड, जळगाव, परभणी या भागांत पौषातील पहाटे पारा 10 अंशांच्या खाली उतरतो. अशा दिवसांत जन्मलेली कित्येक वासरे आठवड्याच्या आत हगवणीने किंवा फुप्फुसाच्या दाहाने दगावतात. दोष थंडीला दिला जातो. परंतु पुष्कळदा वासरास रोगाशी झगडण्याची शक्तीच वेळेवर मिळालेली नसते.

गाई-म्हशींच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये वारेतून गर्भाकडे जात नाहीत; ती चिकात उतरतात. नवजात वासराच्या आतड्यातून ती जशीच्या तशी रक्तात शोषली जातात खरी, पण ही सोय तासागणिक कमी होत जाते व सुमारे 24 तासांनी संपते. त्यानंतर पाजलेल्या चिकाने पोषण होते, रक्तातील उणीव मात्र भरून निघत नाही.

यास्तव वार पडेपर्यंत वासरास सडाला लावू नये, ही समजूत फार घातक आहे. वार पडण्यास 8 ते 12 तासही लागतात. उलट वासरू पिऊ लागले म्हणजे गर्भाशय आकुंचन पावते व वार पडण्यास साहाय्यच होते.

पहिला चीक तासाभराच्या आत पाजावा. दिवसभरात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे 30 किलोच्या पारडास 3 लिटर, तीन-चार वेळा विभागून द्यावा. खरवस शेजारीपाजारी वाटण्याची रीत मोडावयास नको. वासराचा वाटा आधी काढावा, एवढेच. गार झालेला चीक विस्तवावर ठेवू नये. तापविल्याने तो थिजतो व त्यातील रोगप्रतिकारक द्रव्ये नष्ट होतात. भांडे कोमट पाण्यात ठेवून तो अंगाइतका ऊन करावा.

वासरू गोणपाटाने पुसून कोरडे करावे, नाळेस टिंक्चर आयोडिन लावावे व खाली कोरडा पेंढा अंथरावा. कोंडलेल्या गोठ्यात शेकोटीचा धूर करू नये. त्याने फुप्फुसास अपाय होतो.

आई दगावल्यास किंवा तिला चीक न आल्यास त्याच सुमारास व्यालेल्या दुसऱ्या निरोगी जनावराचा चीक चालतो. गावातील गाभण जनावरांची नोंद कार्यकर्त्याजवळ असेल तर रात्री-अपरात्री कोणाच्या दारी जावयाचे, हे शोधण्यात वेळ जात नाही.