बंगला पाहताना मागचं अंगणही पाहा!

मैत्रिणींनो, नव्या वसाहतीत घर बघताना आपण ओटा पाहतो, देवघर पाहतो. सेप्टिक टँकची चौकशी मात्र कुणीच करत नाही! टाकीत मैला खाली बसतो, पण वरचं पाणी जंतूंसकट शोषखड्ड्यातून जमिनीत मुरतं. म्हणून तो खड्डा विहीर-बोअरपासून १८ मीटर तरी लांब हवा, शेजारणीच्या विहिरीपासूनही! गच्चीचं पावसाचं पाणी टाकीत सोडू नका. टाकी तुंबून घाण अंगणात येते, मग मुलांना कावीळ, हगवण ठरलेलीच. दर २-३ वर्षांनी टाकी गाडी बोलावून उपसून घ्यावी. संरक्षक साधनांशिवाय आत माणूस उतरवणं २०१३च्या कायद्यानं गुन्हा आहे. विषारी वायूनं क्षणात जीव जातो. तेव्हा इसार देण्याआधी एवढं विचाराच!