फोन इथला घ्यावा की परदेशातला?

नवा स्मार्टफोन निघाला की पोरे हट्ट धरतात. कुणी म्हणते बीडच्या दुकानातून घेऊ, कुणी म्हणते दुबईच्या पाहुण्याकडून मागवू, स्वस्त पडेल.

इथल्या किमतीत १८ टक्के जीएसटी असतो, हे खरे. पण पार्सलने मागवल्यास सीमाशुल्क बसते. अनेक कंपन्यांची वॉरंटी फोन विकला त्या देशापुरतीच असते. अमेरिकेतल्या आयफोनला तर २०२२ च्या आयफोन १४ पासून सिमकार्डाची जागाच नाही.

खरा फरक पक्क्या बिलाचा. फोन सदोष निघाला आणि दुकानदाराने हात वर केले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रार शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही. परदेशातल्या दुकानदाराला आपण कुठे गाठणार? म्हणून कच्ची चिठ्ठी घेऊ नका. *#०६# दाबून दिसणारा आयएमईआय क्रमांक बिलाशी ताडून पाहा.

तथागतांनी सिगालाला मिळकतीचे चार भाग सांगितले : एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, चौथा अडचणीसाठी. हौसेचा फोन पहिल्या भागातून घ्यावा. ऊसतोडीची उचल ही मिळकत नव्हे, कर्ज आहे. तिला हात लावू नका.

जयभीम!