अन्नसुरक्षा, कोरडवाहू प्रदेशातील
सर्व लोकांना सर्व काळी पुरेसे, सुरक्षित व पोषक अन्न मिळविता येण्याची स्थिती म्हणजे अन्नसुरक्षा. रोम येथील जागतिक अन्न शिखर परिषदेने १९९६ मध्ये ही संकल्पना मांडताना धान्याच्या परिमाणाबरोबरच पोषणासही महत्त्व दिले. बदलत्या हवामानात कोरडवाहू प्रदेशांत हा पोषणाचा भागच प्रथम धोक्यात येतो.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद)–जालना लोहमार्गावरील करमाड व बदनापूर यांचा परिसर याचे उदाहरण होय. येथील पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. पिकांच्या दृष्टीने त्याच्या एकूण मानापेक्षा त्याची वाटणी निर्णायक ठरते. मराठवाड्यात २०१२, २०१५ व २०१८ मध्ये अवर्षण पडले. २०१४ मध्ये गारपिटीने, तर सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने पिकांची हानी झाली.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमानुसार (२०१३) प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किग्रॅ. तृणधान्य मिळते, या हक्कात डाळींचा समावेश नाही. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन या आवश्यक ॲमिनो अम्लाची उणीव असते. ती तुरीच्या डाळीने भरून निघते. म्हणून तूर बुडाल्यास भाकरी राहते, पण वरण दुर्मिळ होते.

तुरीचे सोटमूळ खोल जाते व मुळांवरील गाठींतील जंतू हवेतील नायट्रोजन स्थिर करतात. तथापि दीर्घ मुदतीच्या वाणांत दाणे भरण्याच्या वेळी हलक्या जमिनीतील ओल संपलेली असते. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या बदनापूर संशोधन केंद्राने विकसित केलेला बीडीएन ७११ हा पांढऱ्या दाण्याचा वाण सुमारे १५०–१५५ दिवसांत तयार होतो. ओल संपण्यापूर्वी पक्व होऊन तो अवर्षणाचा फटका टाळतो. मात्र पाणी साचलेल्या शेतात या गुणाचा उपयोग होत नाही. तेथे रुंद वरंबा व सरी पद्धतीने निचरा करावा लागतो. तुरीत काही प्रमाणात परपरागण होत असल्याने घरचे बियाणे ठराविक काळाने बदलणे आवश्यक असते.

फुलोऱ्यात व दाणे भरताना शेततळ्यातून दिलेले एखादे संरक्षित पाणीही पीक वाचविते. परंतु शेततळे पावसाच्या अपधावेऐवजी विहिरीचे पाणी उपसून भरल्यास भूजल घटते व साठा बाष्पीभवनाने उडतो. अशा स्थितीत एका शेतकऱ्याचे संरक्षण शेजाऱ्याची टंचाई बनते. यास्तव योग्य वाण, निचरा व पाण्याचा सामायिक हिशेब यांची सांगड घालणे हेच येथील अन्नसुरक्षेचे मुख्य सूत्र होय.