हार्ड डिस्क कुरकुरतेय? दुरुस्ती नंतर, आधी माहिती वाचवा

अमरावती, प्रतिनिधी - प्रबंध सादर करण्याची तारीख तोंडावर येते आणि नेमका तेव्हाच लॅपटॉप हटून बसतो. सुरू व्हायला पंधरा मिनिटे, फाईल उघडताच गोठलेला पडदा आणि आतून 'टक-टक' असा आवाज. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठातील संशोधक असो, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात पीक-प्रयोगांच्या नोंदी ठेवणारा विद्यार्थी असो की हिशेब सांभाळणारा व्यापारी, दुकानात गेल्यावर पहिले वाक्य बहुधा एकच असते, "एवढा लॅपटॉप दुरुस्त करून द्या."

घोटाळा याच वाक्यात आहे. लॅपटॉप दुरुस्त करणे आणि त्यातील माहिती वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत. डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकले की यंत्र कदाचित सुरू होईल. पण तीन वर्षांच्या नोंदी त्यात पुसल्या जातील. म्हणून क्रम ठरलेला हवा. माहिती आधी, दुरुस्ती नंतर.

आत काय घडते?

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या वेगाने फिरत असतात. लॅपटॉपमध्ये हा वेग साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेऱ्यांचा असतो. माहिती वाचणारे शीर्ष तबकडीला स्पर्श न करता, अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगते. धुळीचा कण या अंतराच्या कितीतरी पट मोठा असतो. लॅपटॉप पडला किंवा शीर्ष बिघडले, तर ते तबकडीवर घासते आणि थरासोबत माहितीही खरवडली जाते.

वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. लॅपटॉपच्या बहुतेक हार्ड डिस्कची कमाल मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. गादीवर ठेवलेल्या, हवेची वाट कोंडलेल्या लॅपटॉपला ती गाठायला वेळ लागत नाही. बॅटरी निकामी झालेला जुना लॅपटॉप थेट विजेवर चालवणाऱ्यांना दुसरा धोका असतो. वीज जाताच लिहिणे अर्धवट राहते आणि फाईली खराब होतात.

इशारा कसा ओळखावा?

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद 'स्मार्ट' या यंत्रणेत ठेवते. 'क्रिस्टल डिस्क इन्फो'सारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती पाहता येते. बदललेले आणि प्रलंबित सेक्टर यांचे आकडे शून्यावरून वाढू लागले, तर सावध व्हावे. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिला दोष आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असल्याचे त्यात दिसले. मात्र, बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या चार प्रमुख निकषांपैकी एकाचाही इशारा दिलेला नव्हता. आकडे चांगले आहेत म्हणून निर्धास्त राहता येत नाही, ते असे.

काय करावे?

* 'टक-टक' आवाज येत असेल किंवा लॅपटॉप पडला असेल, तर तो तत्काळ बंद करावा. 'पुन्हा एकदा पाहू' म्हणून सुरू करू नये. प्रत्येक प्रयत्नात नुकसान वाढू शकते.

* आवाज नसेल आणि विंडोज सुरू होत असेल, तर सर्वांत मोलाच्या फाईली प्रथम दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात. आधी प्रबंध आणि हिशेब, मग छायाचित्रे, चित्रपट सर्वांत शेवटी.

* विंडोज सुरू होत नसेल, तर डिस्क काढून यूएसबी केसमधून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. तिथे 'फॉरमॅट करायचे का?' असा प्रश्न आला, तर 'नाही' म्हणावे. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर रिकव्हरी की लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

* 'चेक डिस्क'सारखी दुरुस्तीची आज्ञा मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर चालवू नये. जाणकार तंत्रज्ञ 'डीडीरेस्क्यू'सारख्या साधनाने आधी संपूर्ण डिस्कची प्रत काढतो आणि शोधकाम त्या प्रतीवर करतो.

* डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय सांगितला जातो, तो करू नये. बाहेर काढताच आत दव धरते. डिस्क घरी किंवा साध्या दुकानात उघडूही नये. त्यासाठी धूळविरहित कक्ष लागतो.

दुकानात देताना

'माहिती हवी आहे, फॉरमॅट करू नका' हे पावतीवर लिहून घ्यावे. डिस्क उघडण्याची वेळ आली, तर ती मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत पाठवावी लागते. हा खर्च नव्या डिस्कच्या किमतीहून बराच अधिक असू शकतो आणि यशाची हमी कोणी देत नाही.

नव्या लॅपटॉपमध्ये फिरती तबकडी नसलेली एसएसडी असते. ती धक्के सोसते. पण अनेकदा आवाज न करता, अचानक बंद पडते. तीत पुसलेली फाईलही सहसा परत मिळत नाही, कारण 'ट्रिम' या सोयीमुळे ती जागा आतून रिकामी केली जाते.

यावर उपाय जुनाच आहे. माहितीच्या तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. शेतकरी पुढच्या पेरणीचे बियाणे वेगळे काढून ठेवतो, तसेच हे आहे. लॅपटॉप आज धडधाकट असेल, तर पहिली प्रत आजच काढलेली बरी.