शुकेर, दावोर

शुकेर, दावोर : (१ जानेवारी १९६८ – ). क्रोएशियाचा जगप्रसिद्ध फुटबॉलपटू. आघाडीचा खेळाडू म्हणून १९९८ च्या विश्वकरंडक स्पर्धेत सर्वाधिक गोल करून त्याने ‘सुवर्ण बूट’ हा बहुमान मिळविला. जन्म तत्कालीन यूगोस्लाव्हियाच्या क्रोएशिया प्रजासत्ताकात, द्रावा नदीकाठच्या ओसियेक या शहरी. त्याच्या खेळाची जडणघडण एका राष्ट्रात झाली आणि त्या खेळाची कीर्ती दुसऱ्या, नव्याने जन्मलेल्या राष्ट्राच्या वाट्याला आली. त्यामुळे त्याच्या कारकीर्दीला क्रीडेतिहासाबरोबरच राजकीय इतिहासाचीही पार्श्वभूमी लाभली आहे.

शुकेरने १९८४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ओसियेकच्या व्यावसायिक संघात प्रवेश केला. पाच वर्षांत त्याने साखळी सामन्यांत ४० गोल केले. १९८८-८९ च्या हंगामात १८ गोल नोंदवून एकविसाव्या वर्षी तो यूगोस्लाव्हियाच्या प्रथम श्रेणीतील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. तत्पूर्वी १९८७ मध्ये चिली येथे भरलेल्या जागतिक युवक अजिंक्यपद स्पर्धेत मीर्को योझिच या प्रशिक्षकाच्या हाताखालील यूगोस्लाव्ह संघाने अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीला पेनल्टी फटक्यांवर हरवून विजेतेपद मिळविले. या स्पर्धेत शुकेरने ६ गोल केले. झ्वोनिमीर बोबान, रोबेर्ट प्रोसिनेच्की, रोबेर्ट यार्नी, ईगोर श्तिमात्स व माँटेनीग्रोचा प्रेद्राग मियातोविच हे त्याचे संघसहकारी होते. पुढे देशाबरोबर हा संघही विभागला गेला.

१९८९ मध्ये तो दीनामो झाग्रेब या संघात दाखल झाला. या काळात यूगोस्लाव्हियाचे विघटन जवळ येत चालले होते. १३ मे १९९० रोजी झाग्रेब येथे दीनामो व बेलग्रेडचा ‘रेड स्टार’ यांच्यातील नियोजित सामन्याच्या वेळी उसळलेल्या दंगलीत वांशिक तणाव उघड झाला. त्याच वर्षी इटलीतील विश्वकरंडक स्पर्धेसाठी यूगोस्लाव्ह संघात शुकेरची निवड झाली. परंतु एकाही सामन्यात त्याला मैदानात उतरविण्यात आले नाही. २५ जून १९९१ रोजी क्रोएशियाने स्वातंत्र्य घोषित केले व युद्ध पेटले. त्याच वर्षी शुकेर स्पेनमधील सेव्हिल संघाकडे गेला. त्याच्या जन्मगावावर तोफांचा मारा होत असताना तो परदेशी मैदानांवर खेळत होता. क्रोएशियाला आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाचे सदस्यत्व १९९२ मध्ये मिळाले. तथापि १९९४ च्या विश्वकरंडकाच्या पात्रता फेरीत त्या देशाचा संघ नव्हता. परिणामी उमेदीच्या वर्षांत शुकेरला राष्ट्रीय संघातर्फे मोठ्या स्पर्धेत खेळण्याची संधी लाभली नाही. सेव्हिलकडून मात्र त्याने पाच हंगामांत १५३ साखळी सामन्यांतून ७६ गोल केले. १९९३-९४ मध्ये त्याच्या नावावर २४ गोल होते. स्पॅनिश साखळीत त्या वर्षी त्याच्यापुढे फक्त बार्सेलोनाचा ब्राझीलियन खेळाडू रोमार्यू होता.

शुकेरचा खेळ वेगावर अथवा शरीरबळावर विसंबणारा नव्हता. डावा पाय हे त्याचे प्रमुख अस्त्र. चेंडू येताच पहिल्या स्पर्शात तो अचूक ताब्यात घ्यावयाचा, प्रतिस्पर्धी बचावपटूने पाऊल टाकेपर्यंत क्षणभर थांबावयाचे आणि मोकळ्या झालेल्या बाजूने फटका मारावयाचा, ही त्याची पद्धती होती. गोलरक्षक पुढे धावून आला असता त्याच्या डोक्यावरून चेंडू अलगद उचलून जाळ्यात टाकण्यात तो वाकबगार होता. जोरकस फटक्यापेक्षा चेंडूची दिशा व योग्य क्षण यांना त्याने अधिक महत्त्व दिले.

१९९६ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या पात्रता फेरीत त्याने १० सामन्यांत १२ गोल केले. त्यांपैकी दोन गोल नोव्हेंबर १९९४ मध्ये पालेर्मो येथे इटलीविरुद्ध होते. तो सामना क्रोएशियाने २–१ असा जिंकला. इंग्लंडमधील अंतिम फेरीत गतविजेत्या डेन्मार्कविरुद्ध त्याने दोन गोल केले. त्यांपैकी एक, विख्यात गोलरक्षक पीटर श्मायकेल याच्या डोक्यावरून उचललेला, फुटबॉलमधील कलात्मक गोलांत गणला जातो.

१९९६ मध्ये शुकेर रेआल माद्रिदमध्ये आला. त्याच वर्षी मियातोविचही तेथे आला. चिलीतील युवक संघाचे हे दोघे सहकारी आता दोन भिन्न देशांचे नागरिक होते. पहिल्याच हंगामात शुकेरच्या २४ गोलांच्या साहाय्याने संघाने स्पॅनिश साखळीचे विजेतेपद मिळविले. दुसऱ्या हंगामात मात्र त्याला पुष्कळदा राखीव खेळाडूंत बसावे लागले. मे १९९८ मध्ये मियातोविचच्या गोलामुळे माद्रिदने युरोपीय विजेत्यांचा करंडक जिंकला, तेव्हाही शुकेर अखेरच्या काही मिनिटांपुरताच खेळला.

पुढील महिन्यात फ्रान्समध्ये विश्वकरंडक स्पर्धा सुरू झाली. सुमारे ४५ लाख लोकवस्तीच्या क्रोएशियाचा हा पहिलाच विश्वकरंडक होता. दुसरा प्रमुख आक्रमक आलेन बोक्शिच दुखापतीमुळे संघाबाहेर असल्याने गोल करण्याची मुख्य जबाबदारी शुकेरवर पडली. जमेका व जपान यांच्याविरुद्ध त्याने प्रत्येकी एक गोल केला. रूमानियाविरुद्ध त्याने पेनल्टी यशस्वी केली. पण पंचाने फटका पुन्हा घेण्याचा आदेश दिला असता त्याने तो पुन्हा तितक्याच शांतपणे जाळ्यात मारला. उपउपांत्य सामन्यात जर्मनीवर मिळविलेल्या ३–० अशा विजयातील शेवटचा गोल त्याचा होता. उपांत्य सामन्यात त्याने यजमान फ्रान्सविरुद्ध आघाडी मिळवून दिली. परंतु लगेच लील्यां तुरामने बरोबरी साधली व नंतर आणखी एक गोल करून क्रोएशियाला हरविले. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात शुकेरच्या गोलामुळे नेदर्लंड्सवर २–१ असा विजय मिळाला. त्याचे एकूण गोल ६ झाले. या संघात बोबान, प्रोसिनेच्की, यार्नी, श्तिमात्स व स्वतः शुकेर असे १९८७ च्या युवक संघातील पाच खेळाडू होते. त्या वर्षी युरोपातील सर्वोत्कृष्ट खेळाडूच्या निवडीत झीनेदीन झिदानच्या खालोखाल त्याला दुसरे स्थान मिळाले.

यानंतर तो आर्सेनल, वेस्ट हॅम युनायटेड व ‘१८६० म्यूनिक’ या संघांकडून खेळला. परंतु पूर्वीची धार राहिली नाही. २००२ च्या विश्वकरंडकात योझिच याच्याच मार्गदर्शनाखाली तो एक सामना खेळला. २००३ मध्ये त्याने व्यावसायिक खेळातून निवृत्ती स्वीकारली. क्रोएशियातर्फे ६९ सामन्यांत त्याने ४५ गोल केले. हा राष्ट्रीय विक्रम त्याच्या निवृत्तीनंतर वीस वर्षांहून अधिक काळ अबाधित राहिला. २०१२ ते २०२१ या काळात तो क्रोएशियन फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष होता. तिच्या कारभारावर चाहत्यांच्या काही गटांनी तीव्र टीका केली. तथापि याच काळात, २०१८ मध्ये, क्रोएशियाने विश्वकरंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली.

१९९८ पूर्वी क्रोएशियाचे नाव जगातील बहुसंख्य लोकांना युद्धवार्तांमधूनच परिचित होते. त्या नावाला एक वेगळी ओळख मिळवून देण्यात शुकेरच्या गोलांचा मोठा वाटा आहे.