काही मिलिमीटरवर पाचशे टन

शंभर मीटर लांब, पन्नास मीटर रुंद, अर्धा मीटर जाड. बर्फाची एवढी लादी उतारावरून सुटली तर हिमालयात तिला कुणी मोठं हिमस्खलन म्हणणार नाही. पण हिशेब करून बघा. 2,500 घनमीटर बर्फ झाला. वाऱ्याने दाबलेला बर्फ घनमीटरला 200 किलो धरला, तरी 500 टन. दहा टन माल भरलेले पन्नास ट्रक! आणि हे सगळं ज्याच्या आधारावर टेकलेलं असतं, तो ठिसूळ थर कधीकधी जेमतेम काही मिलिमीटरचा असतो.

हा थर निरभ्र, कडाक्याच्या थंडीत तयार होतो. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो, पृष्ठभाग मात्र उणे पंधरा-वीसपर्यंत उतरतो. मीटरभर जाडीत दहा अंशांहून जास्त फरक पडला, की खालची वाफ वर सरकू लागते आणि बर्फाचे कण कोनदार, सुटे होत जातात. मूठभर उचलून दाबले तरी गोळा होत नाही, बोटांच्या फटींतून गळून जातात. त्यावर नवी बर्फवृष्टी होते, वारा ती घट्ट बसवतो. वरून सगळं एकसारखं पांढरंशुभ्र.

मग सत्तर किलोचा एखादा माणूस तिथे पाऊल टाकतो. पायाखालचा थर कोसळतो आणि तडा सेकंदाला वीस मीटरहून जास्त वेगाने पसरत जातो. लादी सुटली, की काही सेकंदांतच ताशी 100 किलोमीटरच्या घरात पोचते. युरोप-अमेरिकेतल्या नोंदी पाहिल्या, तर जीवघेण्या अपघातांत दहापैकी नऊ वेळा लादी त्या माणसाने किंवा त्याच्या सोबत्यानेच सोडवलेली असते. त्यासाठी भयंकर उभा कडाही लागत नाही. तिथून बर्फ आपोआप झडत राहतो. बहुतेक लाद्या 30 ते 45 अंशांच्या उतारावरून सुटतात. सह्याद्रीतले घसारे उतरलेल्यांच्या पायांना हा उतार चांगलाच ओळखीचा आहे, आणि मला धास्ती वाटते ती याचीच.

अनुभव इथे ढाल होत नाही. 4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी ‘द्रौपदी का डांडा-2’ या शिखरावर हिमस्खलनात सापडली. 27 मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. मृतांमध्ये प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी 16 दिवसांच्या आत एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरं सर केली होती.

गाडला गेलेला माणूस पंधरा मिनिटांत बाहेर निघाला, तर वाचण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. पस्तीस मिनिटांनंतर ती तीस टक्क्यांवर येते. थांबलेला बर्फ क्षणात आवळतो, छातीला फुगायला जागा उरत नाही. सियाचिनच्या 2016च्या दुर्घटनेत जवान हणमंतप्पा कोप्पड सहाव्या दिवशी जिवंत सापडले, पण पुढे तीनच दिवसांत गेले. त्यांच्यासोबत गाडल्या गेलेल्या नऊ जवानांत एक साताऱ्याचा होता.

एक मीटर खोल गाडलेल्या सोबत्याला काढायचं, तर टन-दीड टन बर्फ उपसावा लागतो. हाती फावडं नसेल, तर त्या पंधरा मिनिटांत ते होत नाही.